चिटाचा परकर, छापील घागरा की आणखी काही?

तिरफळ:
एक फ्रेंच लेख मराठीत आणतेय. अठराव्या शतकात दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागातल्या बायका फुलाफुलांचं, घेरदार, सुती वस्त्र नेसत, त्याबद्दल आहे. त्या कापडाला फ्रेंचमध्ये 'अँदिएन' म्हणतात, म्हणजे सरळ 'भारतीय'. मूळ माल आपल्याकडचा होता, म्हणून. मी 'चिटाचा परकर' असं लिहिलं; चीट म्हणजे असंच रंगीत नक्षीचं सुती कापड. लेख तपासणाऱ्यांचं म्हणणं, चीट आता कोणाला कळत नाही आणि परकर म्हणजे साडीच्या आतला. 'प्रिंटेड कॉटन स्कर्ट' करा म्हणाले. मला पटत नाहीये.

वळचण:
चीट न कळायला काय झालं? आमच्या आजीच्या गोधड्यांत निम्मे तुकडे चिटाचे असत. शब्द वापरलाच नाही तर कळणार कसा? बिनधास्त ठेवा.

पाणकणीस:
आम्ही 'छीट' म्हणतो, आणि ती छीट. हिंदी छींट म्हणजे शिंतोडा, ठिपका. कापडावर रंगाचे शिंतोडे, म्हणून छीट. इंग्रजांनी त्याचं अनेकवचन करून नेलं आणि पुढे तेच एकवचन समजून 'चिंट्झ' केलं.

ओसरी:
शिंतोडे कुठले? मूळ 'चित्र' आहे. पोर्तुगीजांनी हाच शब्द नेला. त्यांच्याकडे फुलाफुलांच्या स्वस्त सुती कापडाला आजही 'शीता' म्हणतात, ब्राझीलमध्ये जून महिन्याच्या उत्सवात त्याचेच घागरे घालतात. 'चिटणीस'मध्येही हाच चिट असणार.

वळचण:
नाही हो. चिटणीसातली चिट चिठ्ठीची. तिचा कापडाशी संबंध जोडू नका.

दगडीपाटा:
मुळात 'छापील' आणि 'प्रिंटेड' दोन्ही चूक. आपल्या पूर्वेच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून युरोपात गेलेला उंची माल हाताने, कलमाने रंगवलेला असे. आणि लाल रंग लाल म्हणून लावतच नसत. कापडाला हिरड्याचा आणि म्हशीच्या दुधाचा हात द्यायचा, लाल हवं तिथे तुरटीचं पाणी लावायचं, काळं हवं तिथे लोखंडाचं. मग चे नावाच्या मुळीच्या काढ्यात कापड उकळलं की तुरटी लागली तिथेच लाल चढतो. निळ्यासाठी बाकीचं कापड मेणाने झाकून नीळ. म्हणून तो रंग धुण्यात जात नसे, आणि म्हणूनच युरोप वेडा झाला. याला 'कलमकारी' म्हणा.

पाणकणीस:
कलमकारी शब्द फारसी, शुद्धतेचा आग्रह तिथे कुठे गेला? शिवाय मछलीपट्टणमच्या कलमकारीत ठसेच वापरतात. कलमाची ती श्रीकाळहस्तीची.

तिरफळ:
माझ्या लेखातलं कापड प्रोव्हान्समधल्याच मार्सेय बंदरात छापलेलं आहे. १६४८ मध्ये तिथे पत्ते छापणाऱ्या एका कारागिराने ही नक्कल सुरू केली. तेव्हा छापील चालेल. माझी खरी अडचण परकराची आहे.

सांजफूल:
परकर आतलाच, हे कोणी ठरवलं? आमची पिढी परकर-पोलकं घालून शाळेत गेली. खणाचा परकर तर सणाला मिरवायचा! 'खणाचा परकर' लिहा, सगळ्यांना कळेल.

दगडीपाटा:
सांजफूलताई, खण विणलेला असतो, गुळेदगुड्डचा. त्यातली नक्षी मागावरच येते. छापलेल्या कापडाला खण म्हणणं म्हणजे विणकर आणि रंगारी दोघांवरही अन्याय.

सांजफूल:
मान्य, पण परकरावर मी ठाम. त्या बायका एकावर एक नेसत, थंडीत कापूस भरून टाचलेले. तेव्हा आतला-बाहेरचा हा भेदच तिथे लागू नाही. 'घागरा' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर राजस्थान येतं. स्कर्ट म्हटलं तर गुडघ्यापर्यंतचा.

ओसरी:
राजस्थान आलं तर बिघडलं काय? सांगानेरची पांढऱ्यावरची बुटी बघा आणि मग प्रोव्हान्सचं कापड बघा.

पाणकणीस:
या धाग्याला शोभणारी एक गोष्ट. फ्रान्सने रेशीम-लोकरवाल्यांच्या दबावाने १६८६ ते १७५९ या कापडाच्या आयातीवर आणि छपाईवर बंदी घातली होती. बंदी चालू असतानाच, १७४२ मध्ये, कर्दू नावाच्या जेझुइट पाद्रीने आपल्याकडच्या रंगाऱ्यांकडून रंगवण्याची कृती काढून घेऊन पत्राने मायदेशी धाडली. आणि याच कर्दूने १७६७ मध्ये संस्कृतचं लॅटिन-ग्रीकशी असलेलं नातं लिहून पाठवलं, ज्याला याचं श्रेय दिलं जातं त्या विल्यम जोन्सच्या कितीतरी आधी!

ओसरी:
म्हणजे शब्दांच्या मुळाशी जायला तो पाद्रीही चित्राकडेच गेला असता.

दगडीपाटा:
रंगाऱ्यांची नावं मात्र त्यात कुठे येत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. आपल्याकडे भावसारांच्या घरांत छपाईचे किती शब्द असतील, कोणी विचारून लिहून काढायला हवेत. धागाकर्तीने लेखात 'रंगारी' हा शब्द तरी नक्की वापरावा, 'प्रिंटर' नको.

तिरफळ:
वापरेन. चीटही ठेवते. परकर की घागरा, अजून सांगा ना कोणी.

वळचण:
आधी हे ठरू दे, ते चीट की ती छीट? 'चिटाचा' हे रूप स्त्रीलिंगी शब्दाचं होतच नाही. स्त्रीलिंगी असती तर 'चिटीचा' झालं असतं.

पाणकणीस:
आमच्याकडे 'छिटेचा' होतं. उद्या आईला विचारून लिहितो.