संडे स्कूलमध्ये ऐकलेलं, घरात कळलेलं

धागाकर्ती

सगळ्यांना सलाम आणि जय ख्रिस्त. बायबलमधला एखादा उतारा लहानपणापासून पाठ असतो आणि कळतो भलत्याच ठिकाणी: ओट्यापाशी, एसटीत, भावाशी भांडताना. तसं काही घडलं असेल तर लिहा. अट एकच, प्रवचन नको. ते रविवारी होतंच.

आधी माझं सांगते. आमचं गाव नेवासे तालुक्यात. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, घरातलं काहीबाही आणतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. एका वर्षी एकट्या राहणाऱ्या एका मावशींनी चार गावरान अंडी ठेवली. लिलाव पुकारणाऱ्याने त्यांना उभं केलं, मंदिराच्या दानपेटीत आपल्याजवळच्या शेवटच्या दोन टोल्या, म्हणजे बारीकशी नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट सांगितली आणि बोली पाचशेवर नेली. टाळ्या! मीही वाजवल्या. पुढच्या वर्षी मावशींची अंडी टेबलावर नव्हती, मागच्या दाराने पाळकांच्या स्वयंपाकघरात गेली होती. मला म्हणाल्या, "अंड्याचा भाव करा की बाई, माझा कशाला?" घरी येऊन मार्क 12 मधली ती गोष्ट पुन्हा वाचली. येशू शिष्यांना जवळ बोलावून सांगतो. त्या बाईला हाकसुद्धा मारत नाही.

थोरली, वसई

वाटणी उडवून धाकटा परत येतो, बाप त्याला मिठी मारून मेजवानी घालतो आणि घरी राबणारा थोरला रुसून बाहेर राहतो, तो उधळ्या पुत्राचा दृष्टान्त आला की सगळे धाकट्यासाठी डोळे पुसतात. मी थोरल्याच्या पार्टीतली. भाऊ मेलबर्नला. आईच्या बीपीच्या गोळ्या, बँक, घरपट्टी, गळकी कौलं माझ्याकडे. तो दहा दिवसांसाठी येतो आणि आई गुडघे विसरून वडे तळते. गेल्या नाताळात मी रुसून विहिरीपाशी जाऊन बसले (वय वर्षं 52!). थोड्या वेळाने आई लंगडत बाहेर आली, हातात बशी. काही बोलली नाही, कठड्यावर टेकली.

लूक 15 मध्ये बाप घरातून दोनदा बाहेर येतो, दुसऱ्यांदा थोरल्यासाठी. तो थोरला पुढे आत गेला का, हे काही लिहिलेलं नाही. मी गेले. पण वडे संपवून.

गिरणगाव

वडील करी रोडच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो रीतसर मिटला असं कधी झालंच नाही. वडील सकाळी डबा घेऊन निघायचे, संध्याकाळी यायचे. आम्हाला वाटायचं, कुठेतरी रंगकामाला जातात.

पुढे मी डिप्लोमाला असताना घरच्या प्रार्थनेत मत्तय 20 वाचला. द्राक्षमळ्याचा मालक सकाळपासून राबलेल्यालाही एक दिनार देतो आणि संध्याकाळी पाचला आलेल्यालाही एकच. मी तेव्हा नवानवा युनियनवाला. म्हटलं, हे काही बरोबर नाही, समान कामाला समान दाम. वडील कधी मध्ये बोलायचे नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "पाचपर्यंत उभा होता ना तो?"

मग सगळं बाहेर आलं. त्या वर्षी ते रोज मजूर नाक्यावर उभे राहत. ठेकेदार दंड बघून पोरं उचलत. वडील 46 वर्षांचे, त्यात कापसाच्या धुळीचा खोकला. अकरा वाजले की नाका रिकामा. पण अकराला घरी कसं यायचं? अख्खी चाळ बघते. म्हणून तिथेच उभे राहायचे, डबा स्टेशनच्या बाकावर खायचे आणि गिरणी सुटायच्या वेळेला घरी यायचे. "राबणाऱ्याचे हात दुखतात," म्हणाले, "उभं राहणाऱ्याचं काय दुखतं ते सांगता येत नाही." गोष्टीतला मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? इतकं विचारणारासुद्धा त्यांना नाक्यावर एकदाही भेटला नव्हता.

मी आता साइटवर सुपरवायझर आहे. नाक्यावरून माणसं आणतो. ज्यांना घेत नाही त्यांना निदान तोंडाने सांगतो, आज काम नाही, थांबू नका. पाचला आलेल्याला पूर्ण हजरी द्यायची माझी अजून हिंमत नाही.

धागाकर्ती

संडे स्कूलच्या मुलांना हा उतारा मी फळ्यावर तास मांडून शिकवत आले आहे. उभं राहण्याचे तास कधी मांडले नाहीत.

दोन घरची

माहेर नगरचं प्रोटेस्टंट, सासर वसईचं कॅथलिक. प्रभूच्या प्रार्थनेत देवाकडे माफी मागायची ओळ आहे, तिथे आम्ही म्हणतो 'ऋण' सोड, सासरचे म्हणतात 'अपराध'. रात्री सगळे मिळून म्हणताना त्या ओळीवर रोज गाडी अडखळते, मुलं खिदळतात. एकदा सासूबाई म्हणाल्या, "तुमचं कठीण आहे बाय. अपराध सोडता येतो. पैसे कसे सोडायचे?"

त्या गमतीत बोलल्या, मला मात्र झोप लागेना. भावाने बोअर मारायला माझ्याकडून साठ हजार घेतले होते. बोअर कोरडी गेली. मी त्याला कधी टाकून बोलले नाही, उलट "जाऊ दे रे" म्हणाले होते. पण माहेरी गेले की त्याच्या नव्या टीव्हीची किंमत मनातल्या मनात काढायची, वहिनीच्या बांगड्या मोजायची. म्हणजे अपराध माफ केला होता, ऋण नव्हतं सोडलं. सासूबाईंच्या शब्दाने मी सुटले असते, माहेरच्या शब्दाने पकडली गेले. शेवटी चाळीस हजार सोडले. वीस तो स्वतःहून देणार म्हणालाय, ते ठेवलेत. हसा खुशाल.

निवृत्त सिस्टर

मिरजेला शिकले, डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली सुरू केलेल्या मिशन दवाखान्यात. जन्मभर लोकांचे पाय धुतले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सून घमेलं घेऊन बसली तर मी पाय मागे ओढला. योहान 13 मध्ये येशू शिष्यांचे पाय धुवायला बसतो तेव्हा पेत्र हेच करतो. मला तो नम्र वाटायचा. तसं नसतं ते.

बिनधड्याची

माफ करा, थोडं उलट लिहिते. बहीण कॅन्सरने गेली तेव्हा मंडळीतल्या एक बाई मला म्हणाल्या, "यातून देव तुला काय शिकवतोय?" प्रेमाने म्हणाल्या. पण माझ्या बहिणीचं मरण हा माझा गृहपाठ होता का? बायबलमधल्या ईयोबाची मुलंबाळं गेली, अंगभर फोड आले, तेव्हा त्याचे तीन मित्र सात दिवस, सात रात्री जमिनीवर बसून गप्प राहिले, तोवर ते मित्र होते. मग बोलायला लागले आणि अध्यायच्या अध्याय बोलत सुटले.

शेजारच्या काकू वारकरी घरातल्या, गळ्यात तुळशीची माळ. महिनाभर रोज सातला यायच्या, परात ओढायच्या, भाकऱ्या थापायच्या. देवाचं नाव नाही, बहिणीचंही नाही. जाताना फक्त दारातून विचारायच्या, "उद्या ज्वारीच्या करू की बाजरीच्या?"