ग्रॅनडा टेलिव्हिजन: काळाने गेली की नफ्यापायी घालवली?

अँटेनावाला (धागाकर्ता):
ब्रिटनच्या आयटीव्ही या खाजगी टीव्ही जाळ्यातल्या प्रादेशिक वाहिन्यांचा विषय निघाला की "काळाच्या ओघात गेल्या" असं म्हणून सगळे मोकळे होतात. मँचेस्टरच्या ग्रॅनडाबाबत मला हे साफ नामंजूर आहे. १९५६ साली ती सुरू झाली आणि निर्णय मँचेस्टरातच घेत राहिली. म्हणून तर १९६० मध्ये मँचेस्टरलगतच्या साल्फर्डच्या गल्लीतली माणसं त्यांच्याच बोलीत बोलणारी 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका पडद्यावर आली. आधी मंजुरी होती फक्त १३ भागांची!

आणि 'वर्ल्ड इन ॲक्शन' हा त्यांचा शोधपत्रकारितेचा कार्यक्रम? १९८० च्या पोलाद कामगारांच्या संपात ब्रिटिश स्टील या सरकारी कंपनीची गोपनीय कागदपत्रं त्यांनी दाखवली. कागद परत देताना, माहिती देणारा ओळखू येईल असे तुकडे कापून टाकले. हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, नाव सांगायचा आदेश दिला, तरी त्यांनी नाव सांगितलं नाही. नफातोट्याचा हिशेब करणारा मालक असा हट्ट धरेल का?

रोखठोक:
सहमत नाही. तो हट्ट परवडत होता, कारण त्या भागातल्या टीव्ही जाहिरातींचा सगळा पैसा एकाच कंपनीकडे यायचा. दुसरं दुकानच नव्हतं. उपग्रह वाहिन्या आल्यावर ही मक्तेदारी टिकणारच नव्हती, मग मालक कितीही सज्जन असो. आणि प्रक्षेपण परवान्यांचा १९९१ चा लिलाव विसरू नका. प्रतिस्पर्ध्याची बोली साडेतीन कोटी पौंडांची, ग्रॅनडाची अवघी ९० लाखांची, तरी परवाना ग्रॅनडालाच मिळाला, कारण दर्जाची अट होती. म्हणजे व्यवस्थेने तिला वाचवलंच होतं.

अँटेनावाला:
वाचवलं, मान्य. पण पुढे काय झालं? १९९२ मध्ये डेव्हिड प्लोराइटना ग्रॅनडाचं अध्यक्षपद सोडावं लागलं, कारण मूळ समूहाला जास्त नफा हवा होता. 'द ज्यूएल इन द क्राउन' या मालिकेचं चित्रीकरण भारतात येऊन झालं ते याच माणसाच्या काळात. सईद जाफरी, झोहरा सेहगल होते त्यात. तसे १४ भाग काढायची छाती नंतर कोणाची झाली? १९९६ मध्ये स्काय या उपग्रह टीव्ही कंपनीशी भागीदारी करून ग्रॅनडाने प्लस, गुड लाइफ, टॉक टीव्ही, मेन अँड मोटर्स अशा वाहिन्यांचा धडाका लावला. टॉक टीव्ही वर्षभरही टिकली नाही. इकडे १९९८ मध्ये 'वर्ल्ड इन ॲक्शन' बंद!

साल्फर्डनिवासी:
इथेच राहते, म्हणून थोडं बोलते. प्लसला नावं ठेवू नका. एरवी कपाटात पडून राहिल्या असत्या अशा जुन्या मालिका तिने लोकांपर्यंत पुन्हा पोचवल्या. २००४ मध्ये ती बंद होऊन आयटीव्ही ३ आली, तिथेही जुन्या मालिका लागतातच. शिवाय "आपला प्रदेश" म्हणताय, तो तरी कुठे कायमचा होता? १९६८ पर्यंत ग्रॅनडाकडे यॉर्कशायरसुद्धा होतं, पण फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारी दुसरीच कंपनी. या सीमा परवाना देणाऱ्यांनी आखलेल्या.

अँटेनावाला:
ताई, सीमा कोणीही आखो. त्या सीमेत कमावलेला पैसा तिथल्याच लेखकांवर, वार्ताहरांवर खर्च व्हायचा, हा माझा मुद्दा आहे. २००४ मध्ये लंडनच्या कार्लटन या टीव्ही कंपनीशी विलीनीकरण होऊन आयटीव्ही पीएलसी झाली आणि पैशाच्या चाव्या लंडनला गेल्या.

रोखठोक:
अहो, चाव्या गेल्या तरी 'कोरोनेशन स्ट्रीट' आजही मँचेस्टरलगतच तयार होते. ग्रॅनडा नसती तर चाललं असतं असं मी म्हणत नाही. पण वेगळी राहिली असती तर कर्जात बुडाली असती, असं माझं ठाम मत आहे.

साल्फर्डनिवासी:
मला मालिकेपेक्षा बातम्यांची काळजी आहे. 'ग्रॅनडा रिपोर्ट्स' हे इथलं बातमीपत्र अजून रोज संध्याकाळी लागतं, कारण प्रादेशिक बातम्या देणं ही परवान्यातली अट आहे. शोधपत्रकारितेची अशीच सक्तीची अट प्रत्येक प्रदेशासाठी का असू नये? यावर दोघंही बोला.