हॉकीच्या टपाल तिकिटात पिवळा रंगच नाही : एरर (छपाईतली चूक) की फिकटलेलं?

दंतूर_कडा: एकाच सेटमधली हॉकीची दोन तिकिटं आहेत. एकावर मैदान हिरवं, दुसऱ्यावर निळसर. परफोरेशनही, म्हणजे कडेची छिद्रं, थोडं वेगळं वाटतंय. नक्की कसं ठरवायचं?

भिंगवाले: ऑफसेट छपाईत निळ्यावर पिवळे ठिपके पडून हिरवा दिसतो. 30 पट भिंगाखाली बघा. पिवळ्याचा एक ठिपका जरी सापडला तरी ‘रंग गायब’ म्हणता येत नाही. अजिबात नसेल तरी लगेच हुरळून जाऊ नका. उन्हाने किंवा रसायनाने पिवळा उडवता येतो. चेंडू, जर्सी, त्वचा हे भागही तपासा, इतर रंगही फिके पडले असतील तर उन्हाचा प्रताप असू शकतो. रंग नुसता सरकलेला असेल, म्हणजे चेंडूला दुहेरी कड वगैरे, तर ते रजिस्ट्रेशन (रंग एकमेकांवर नेमके बसणं) चुकल्यामुळे. असे ढिगाने मिळतात, फार पैसे मोजू नयेत.

गेज_१४: परफोरेशन अंदाजाने नको, गेजवर (छिद्रं मोजायच्या पट्टीवर) मोजा. 2 सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं तो आकडा. आडवं-उभं वेगवेगळं मोजायचं, 14 × 13½ असं आधी आडवं लिहितात. दात नसलेलं सुटं तिकीट मात्र एरर म्हणून घेऊ नका, कडा कापलेली असू शकते; जोडी हवी, मध्ये छिद्रं नसलेली.

दंतूर_कडा: आणि पाण्यात भिजवून कागद बघितला तर?

भिंगवाले: कोरं, म्हणजे न वापरलेलं, असेल तर मुळीच नको, मागचा गोंद जाईल. अतिनील दिव्याखाली दोन्ही शेजारी धरा, कागद वेगळा असेल तर चकाकीत फरक दिसेल.