‘ड्रॉ’ : पंप पाणी ओढतो, उचलतो की घेतो?

कुळागर
बागायतदारांसाठी एका सेंट्रिफ्यूगल पंपाचं माहितीपत्रक इंग्रजीतून मराठीत करायचं आहे. वाचणारे गोव्यातल्या फोंडा-सत्तरीकडचे, पोफळी-माडांना शिपणें करणारे. ‘ड्रॉ’ हे एकच क्रियापद त्यात तीनदा येतं. पंप विहिरीतून पाणी ड्रॉ करतो. मोटर सात अँपियर ड्रॉ करते. आणि बिघाडांच्या तक्त्यात पहिलीच ओळ: पंप फिरतो पण ड्रॉ करत नाही. मसुद्यात तिन्हीकडे ‘ओढणे’ होतं. तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘आकर्षित करणे’ घातलं. त्यांचं म्हणणं, ओढायला दोरी लागते, हात लागतो. यंत्राच्या पत्रकात तो शब्द गावंढळ दिसतो. काय ठेवावं?

खाजन
‘पंप पाणी आकर्षित करत नाही’ असं वाचून नेमकं काय तपासायचं ते कुणालाच कळणार नाही. मेकॅनिकांकडे इथे दोन शब्द आहेत आणि ते इंग्रजीपेक्षा नेमके आहेत: उचलणे आणि फेकणे. विहिरीपासून पंपापर्यंत ‘उचलणे’, पंपापासून टाकीपर्यंत ‘फेकणे’. ‘उचलतो पण फेकत नाही’ म्हटलं की सक्शन, म्हणजे पाणी वर घेणारी बाजू, ठीक आहे, भानगड पुढे आहे, हे लगेच समजतं. म्हणून तक्त्यात ‘पंप फिरतो पण पाणी उचलत नाही’ लिहा आणि कारणं तिथेच द्या. पाइपाच्या विहिरीतल्या टोकाला असलेल्या फुटव्हॉल्व्हच्या झडपेत काडीकचरा अडकून पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरलं. सक्शनच्या एखाद्या सांध्यातून पंपाने हवा धरली. किंवा एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं. हवेचा दाब फार तर १०.३ मीटर पाणी तोलतो. घर्षण आणि गळती धरता सहा-सात मीटरपलीकडे पंप भरवशाचा राहत नाही. उपाय: वरचं बूच काढून पंप पाण्याने भरायचा, बुडबुडे थांबेपर्यंत ओतायचं, बूच आवळायचं, मगच बटण. कोरडा फिरवला तर सील जळतो.

अँपियरला ‘घेते’ म्हणा. ‘खाते’ राखून ठेवा, कारण ‘मोटर अँपियर खाते’ म्हणजे प्रमाणाबाहेर घेते: बेअरिंग जाम आहे, नाहीतर व्होल्टेज पडलंय.

माडाचीपोय
खाजनबाब, ‘उचलणे’ पटलं. पण ‘ओढायला दोरी लागते’ हे कुणी ठरवलं? बिडी ओढतात, चिलीम ओढतात, श्वास ओढून घेतात. घरची ओढ लागते, तिथे तर हातही नाही. शिवाय ‘आकर्षित’मधला ‘कृष्’ म्हणजे ओढणेच. नांगर ओढायचा तोही कृष्, म्हणून कृषी. तपासणाऱ्यांनी ओढणे खोडून संस्कृतातलं ओढणेच परत लिहिलं.

उलट विहिरीवर खरोखर दोरी असते तिथे मराठी ‘ओढणे’ म्हणत नाही, ‘शेंदणे’ म्हणते. पोहरा सोडायचा, भरला की हाताखाली हात घेत वर आणायचा. ही सगळी क्रिया एका शब्दात बसते, इंग्रजीत त्यालाही ‘ड्रॉ’च. आणि विहिरीतलं सगळंच पाणी बाहेर काढायचं असेल तर ‘उपसणे’. तलवारही उपसतात. पंपाच्या पत्रकात ‘विहीर उपसताना’ आणि ‘पाणी घेताना’ हा फरक पाळलाच पाहिजे, कारण उपसताना फुटव्हॉल्व्ह उघडा पडून हवा धरण्याची भीती शेवटच्या हातभर पाण्यात असते.

राजपत्र
शब्द आधीच घडवलेला आहे तो का टाळायचा? पैसे ‘ड्रॉ’ करणाऱ्याला सरकारी मराठीत ‘आहरण व संवितरण अधिकारी’ म्हणतात. ‘आहरण’ पंपालाही चालेल: जल-आहरण, विद्युत-आहरण. एक इंग्रजी शब्द, एक मराठी शब्द. उद्या दुसऱ्या पत्रकाचं भाषांतर करणारा गोंधळणार नाही.

खाजन
एकास एक शब्द हवा हा आग्रहच मुळात चुकीचा आहे. लॉटरी ‘ड्रॉ’ होते तिला मराठीत ‘सोडत’ म्हणतात, म्हणजे इंग्रजी ओढते तिथे आपण सोडतो. सामना ‘ड्रॉ’ झाला की बरोबरीत सुटतो. खण हा ‘ड्रॉवर’, कारण तो बाहेर ओढायचा. इथे आहरण कुठे बसवाल? कोषागारात ‘आहरण’ शोभतं, तिथे त्याला ठरलेला अर्थ आहे आणि सही करणारा माणूस आहे. बागायतीत ते वाचायला दुसरा माणूस बोलवावा लागेल.

मांडवीकाठ
बार्जचं, म्हणजे मालवाहू सपाट होडीचं, राहिलं. बार्ज तीन मीटर ‘ड्रॉ’ करते म्हणजे तिचा तेवढा भाग पाण्याखाली असतो. इथे ना ओढणे, ना घेणे. आपण म्हणतो ‘हिला तीन मीटर पाणी लागतं’. इंग्रजीत कर्ती बार्ज, मराठीत गरज बार्जची. हा फरक पुस्तकी नाही. पावसाळ्यात आग्वादजवळ मांडवीच्या मुखावरचा वाळूचा बांध ओलांडणं धोक्याचं, म्हणून खनिजाच्या बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरून मुरगाव गाठत. तिथे विचारायचा प्रश्न ‘किती पाणी लागतं आणि भरतीला किती मिळतं’ हाच.

खरं ‘ओढणे’ पाहायचं तर रापण. होडीतून जाळं अर्धगोलात सोडायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून ओढायच्या. एक बाजू पुढे गेली की जाळं तिरकं होतं, तळाची दोरी वाळूवरून उठते आणि मासळी खालून जाते. ‘ड्रॉ’ ज्यातून आला तो जुन्या इंग्रजीतला ‘द्रागन’ हा धातू याच अर्थाचा. बाकी सगळे अर्थ त्याच दोरीला लागून आले. ओढणीसुद्धा त्यातलीच, डोक्यावरून ओढून घेतात ती.

माडाचीपोय
ओढणीचं तसं नाही. हिंदीत ‘ओढ़ना’ म्हणजे अंगावर घेणे, पांघरणे. ओढणी त्यातली. आपलं ‘ओढणे’ वेगळं, उच्चारसाम्य फसवं आहे.

‘ड्रॉ’ची खरी जोडी ‘काढणे’शी जमते. चित्र काढणे, रक्त काढणे, दात काढणे, चिठ्ठी काढणे, धनादेश काढणे, रांगोळी काढणे. गोव्यात माडाची सूर, म्हणजे माडी, तीही काढतात. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला, आणि दुपारी पोयीचा, म्हणजे फुलोऱ्याच्या कोंबाचा, पातळ काप घ्यायला. काप चुकवला की तोंड सुकतं आणि सूर थांबते. ही सगळी कामं ‘काढणे’त येतात.

कुळागर
तक्त्यातल्या पहिल्या ओळीला ‘उचलत नाही’ घेतलं. पहिल्या वाक्याचं काय? ‘पंप विहिरीतून पाणी घेतो’ की ‘उचलतो’?

राजपत्र
रांगोळी ‘घालतात’. गोव्यात तरी घालतातच. बोटांतून पीठ सुटतं ती क्रिया घालण्याची, काढायचं ते चित्र. आणि सूर-काजूचं म्हणाल तर तिथे प्रमाण शब्द ‘गाळणे’.

माडाचीपोय
घालणे आणि काढणे दोन्ही चालतात. १९८७ च्या कायद्याने राजभाषा कोकणी झाली, कामकाजाला मराठीही राहिली. इतकी वर्षं दोन्ही शेजारी नांदत असताना कोकणी ‘काडप’च्या (काढणेच्या) वळणाचं मराठी अशुद्ध कसं?

‘गाळणे’ मात्र सांभाळून. गळणे म्हणजे थेंब-थेंब पडणे, गाळणे म्हणजे तसं पाडणे, म्हणून फडक्यातून गाळणे आणि भाटीवर, म्हणजे दारूच्या भट्टीवर, गाळणे दोन्ही एकच शब्द. काजूच्या कामात दोन्ही क्रिया येतात. कोळंबीत, म्हणजे तुडवायच्या कुंडात, बोंडं तुडवून आलेला रस फडक्यातून गाळायचा, आंबवायचा, मग भाणात, म्हणजे भट्टीच्या मडक्यात, घालून भाटीवर चढवायचा. वाफ नळीतून येते आणि गार होऊन लावणीत, म्हणजे ती धरणाऱ्या भांड्यात, थेंब पडतात ती उर्राक. उर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा चढवली की फेणी. ‘रस गाळून ठेवा’ असं लिहिलंत तर कुठल्या टप्प्याचं ते कळणार नाही. पहिल्याला ‘गाळून घेणे’, दुसऱ्याला ‘काढणे’ म्हणा.

मांडवीकाठ
भाटीला ‘काढणे’ म्हटलं तर ‘फेणी काढली’ याचा ‘बाटली बाहेर काढली’ असाही अर्थ होतो. मी ‘उतरवणे’ म्हणेन. अर्क उतरतो, चहाचा रंगही उतरतो.

खाजन
चहाचा रंग चढतो, उतरतो तो कपड्याचा.