मदत हवी आहे: गॉथिक छताच्या 'बरगड्या' मुलांना कशा दाखवू?

पुढच्या रविवारी आठवीच्या ३० मुलांना पुण्यातल्या गॉथिक धाटणीच्या, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय शैलीतल्या इमारती दाखवायला नेतेय. आधी कॅम्पातलं लाल देऊळ, म्हणजे १८६७ सालचं ज्यूंचं प्रार्थनास्थळ, मग डेक्कन कॉलेजची जुनी दगडी इमारत. दोन्ही बाहेरूनच बघणार, त्यामुळे आतलं छत दिसणार नाही. वर्गातच आधी समजवायला हवं.

कमानीचं जमलं. दोघांनी समोरासमोर तळवे टेकवून पाय हळूहळू मागे न्यायचे, घसरायला लागले की आणखी दोघांनी मागून पाठीला टेकू द्यायचा. पॅरिसच्या नोत्र दाम चर्चला बाहेरून दगडी धिरे कशासाठी, हे मुलांनी स्वतःच ओळखलं!

अडलंय छतापाशी, म्हणजे छताखालून तिरप्या जाणाऱ्या दगडी कमानींपाशी, ज्यांना बरगड्या म्हणतात. छत्री उघडून दाखवली, तर एक मुलगी म्हणाली, "काड्यांनी कापड ताणलंय." बरोबरच आहे तिचं. छत्रीत ताण असतो, इथे दाब. छताचा भार बरगड्यांवरून खांबांत उतरतो, म्हणून तर भिंतीत एवढ्या मोठ्या खिडक्या बसतात. मग पुठ्ठ्याच्या पट्ट्या तिरप्या जोडून पाहिल्या, पण वर पुस्तक ठेवलं की मधूनच वाकतात.

प्रोजेक्टर नाही, वेळ ४० मिनिटं, खर्च २०० रुपयांच्या आत. तयार व्हिडिओ नकोत, मुलांच्या हातांनी उभं राहायला हवं.

घरातल्या कुठल्या वस्तूंनी हा दाब दाखवता येईल? आणि या बरगड्यांना आपल्या गवंडीकामात काही शब्द आहे का?