मदत हवी आहे: गावच्या रस्त्याला गायरानातला मुरूम टाकायचाय, परवानगी कुठून आणि कशी काढायची?

नमस्कार मंडळी. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीचा मी सदस्य, पहिलीच टर्म. गाव-तालुका मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

फाट्यापासून मळ्यातल्या वस्तीपर्यंत १२०० मीटर रस्ता आहे. कधीकाळी खडीकरण झालं होतं. यंदा ओढ्याचं पाणी वरून गेलं आणि आता नुसते दगडांचे दात उरलेत. जानेवारीत बागा तोडणीला येतील. गेल्या हंगामात माझाच माल पिकअपमधून याच रस्त्याने नेला. फाट्यावर व्यापाऱ्याने एक क्रेट उचलून तिरकं केलं, तळाच्या कागदावर मूठभर मणी सुटून पडलेले. बोलला काहीच नाही, फक्त मला दाखवलं. भाव तिथेच तुटला.

गायरानात टेकडीच्या पायथ्याला जुनी खाण आहे. घरांच्या भरावाला, शाळेच्या पटांगणाला सगळ्यांनी तिथूनच मुरूम नेला, कुणी कुणाला विचारलं नाही. दिवाळीनंतर वस्तीवरच्या पोरांनी वर्गणी काढून जेसीबी लावला. तिसरी ट्रॉली भरते न भरते तोच तलाठी आप्पा हजर. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण तोंडात आप्पाच बसलंय.) पंचनामा झाला, जेसीबी आणि ट्रॅक्टर दोन्ही जमा. ट्रॅक्टर माझ्या चुलतभावाचा. वहिनी माझ्याशी बोलत नाही, ते वेगळंच.

चूक आमची, मान्य. आता रीतसर करायचंय. अर्ज ग्रामपंचायतीने करायचा की ठेकेदाराने? गावच्याच कामाला रॉयल्टी (सरकारला द्यायचं खनिजाचं शुल्क) माफ होते का? आणि पर्यावरणाची परवानगी लागते असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो रस्त्याला सूट आहे. खरं काय?

निवृत्त अव्वल कारकून:
सदस्यसाहेब, आधी एक गैरसमज काढून टाका. गायरान गावाच्या वापरासाठी असतं, सातबाऱ्यावर मालक सरकारच. आणि जमीन कुणाचीही असो, पोटातलं गौण खनिज (मुरूम, वाळू, दगड) सरकारचं. महसूल संहितेचं कलम ४८ वाचा. त्याच्या पोटकलम ७ मध्ये विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. वाहन सोडवायचं वेगळं, ट्रॅक्टरला १ लाख आणि जेसीबीला साडेसात लाख. त्यामुळे वहिनींचं बरोबर आहे.

तुम्हाला लागेल तो अल्प मुदतीचा परवाना, महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन नियम, २०१३ खाली. खाणपट्ट्याच्या भानगडीत पडू नका, तो वर्षानुवर्षांचा धंदा. अर्ज सरकारच्या महाखनिज पोर्टलवर होतो. मासिक सभेचा ठराव, अंदाजपत्रक, गटाचा नकाशा आणि जागेचा सातबारा हाताशी ठेवा. मुरूम किती लागेल याचा हिशेब केलाय का? अर्जात ‘थोडा मुरूम’ असं लिहून कुणी परवाना देत नाही.

धागाकर्ता:
केला नव्हता काका, तुम्ही म्हणालात म्हणून काल टेप घेऊन गेलो. रुंदी ३ मीटर, दाबून १५ सेंटीमीटरचा थर, लांबी १२००. म्हणजे ५४० घनमीटर. ब्रासचे २.८३ घनमीटर धरले तर १९० ब्रास. रोलर फिरल्यावर मुरूम बसतो, म्हणून पाव हिस्सा जास्त धरून २४० ब्रास.

आणि मग डोळे पांढरे झाले. ६०० रुपये ब्रासने रॉयल्टी १ लाख ४४ हजार, वर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचे १० टक्के १४ हजार ४००. दगडालाही हात लावायच्या आधी १ लाख ५८ हजार ४००! पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतला ६० टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला. उरल्या अबंधितमध्ये गटार पण आहे आणि दिवाबत्ती पण.

क्रशरवरचा पोरगा:
दादा, मी खडी क्रशरवर काट्यावर बसतो. एवढ्याशा कामासाठी स्वतःची खाण उघडू नका. परवाना असलेल्या खाणीवरून पाससकट मुरूम घ्या. रॉयल्टी भावातच धरलेली असते. प्रत्येक खेपेला महाखनिजचा वाहतूक पास निघतो, त्यावर गाडीचा नंबर आणि वेळ असते. तो पास जपून ठेवा. ठेकेदाराने बिलाला पास जोडले नाहीत की बिलातून रॉयल्टी कापतात. मग तो तुमच्याच कामात थर पातळ करून वसूल करतो, हे मी रोज बघतो.

मुरूम घेताना मूठभर ओला करून दाबून बघा. हाताला चिकटून मातीसारखा लाडू वळला तर गाडी परत पाठवा, पावसात त्याचा गारा होणार. कणीदार हवा. अभियंत्याच्या भाषेत प्लॅस्टिसिटी इंडेक्स ६ च्या खाली.

धागाकर्ता:
भावा, बरोबर आहे, पण कुंभाची कामं निघाल्यापासून आमच्याकडे डंपर फिरकत नाही. जवळची खाण २६ किलोमीटरवर. मुरमापेक्षा डिझेल जास्त. आमची टेकडी ९०० मीटरवर.

डोंगरवेडी:
दर रविवारी नाशिकच्या डोंगरांत असते, म्हणून कदाचित मी एकतर्फी बोलतेय. खाणींनी पोखरलेले सारूळचे डोंगर महामार्गावरूनच बघा, वेगळं काही सांगायची गरज नाही. तिथेही सुरुवात कुणाच्या तरी रस्त्यानेच झाली असेल. तुमची २४० ब्रास मी अडवत नाहीये. पण परवाना निघाला की मागून कोण येतं आणि खड्डा कोण मोजतं, ते ठरावात लिहून ठेवा. ओढ्याच्या वरच्या अंगाला खणू नका, तुमचा रस्ता वाहून नेणारं पाणी तिथूनच येतं.

निवृत्त अव्वल कारकून:
ताईंचा मुद्दा रास्त आहे. पर्यावरणाचं राहिलंच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालानंतर लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. मार्च २०२० मध्ये केंद्राने अधिसूचना काढून रस्त्यासारख्या लांबट प्रकल्पांच्या मातीला सूट दिली होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०२४ ला रद्द केली. मार्च २०२५ मध्ये केंद्राने अटी घालून ती पुन्हा आणली, पण तीही साध्या मातीलाच. तुमचा दुसरा माणूस सरसकट सूट धरून बसलाय. मात्र त्याच अधिसूचनेच्या परिशिष्टात वेगळी नोंद आहे: मनरेगा, इतर सरकारी योजना आणि सामुदायिक प्रयत्नातून होणारे गावरस्ते. तुमचं काम त्यात बसवायचं तर अर्जात योजनेचं नाव आणि प्रशासकीय मान्यता हवीच. पोरांची वर्गणी चालणार नाही असं नाही, पण कागदावर दिसली पाहिजे.

आणखी दोन गोष्टी बघा. रस्त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक असेल तर तो जिल्हा परिषदेचा, आधी बांधकाम उपविभागाकडे मागणी करा. दुसरं, गाव पेसा क्षेत्रात (आदिवासी भागात ग्रामसभेला जादा अधिकार देणारा कायदा) आहे का आणि गायरानाच्या सातबाऱ्यावर, जुन्या फेरफारात कुठे ‘वन’ शब्द आहे का. १९९६ च्या गोदावर्मन निकालापासून सरकारी नोंदीत वन असेल तर ते वनच, झाड एकही नसलं तरी.

धागाकर्ता:
काका, तुमचे आभार कसे मानू. आज फेरफार काढला. गटाचा वरचा भाग १९७० च्या दशकातच वन विभागाकडे वर्ग झालाय, आणि जुन्या खाणीचं तोंड नेमकं त्या हद्दीत. गावात एकालाही माहीत नव्हतं. आमचे आजोबा गुरं चारायचे ती जागा.

म्हणजे टेकडीचा नाद सुटला. रस्त्याला ग्रामीण मार्गाचा क्रमांक निघाला, तेव्हा उपविभागाकडे मागणी दिली. तोवर ओढ्याजवळचे सगळ्यात वाईट ३०० मीटर ग्रामपंचायत त्यांची ना हरकत घेऊन करणार. ६० ब्रास, पाससकट, विकतचा मुरूम. ग्रामसभा सोमवारी आहे. ओढ्याला आधी दोन पाइप टाकायचे ठरवलंय, नाहीतर पुढच्या श्रावणात मी पुन्हा इथे प्रश्न विचारत बसेन.

एक शेवटचं विचारतो: ३०० मीटरसाठी आठ-दहा टनी रोलर दिवसाच्या भाड्याने कुणी देतं का? पोरं म्हणतात ट्रॅक्टर फिरवू. तो अजून तहसीलमध्ये उभा आहे.