शून्य पाऊल म्हणजे फुकटची तिसरी स्टेप नव्हे

तापीकाठ: परवा इथे एकाने ठोकून दिलं, "बास्केटबॉलमध्ये आता बॉल हातात धरून तीन स्टेप चालतात, पंचच अडाणी." भाऊ, 2017 मध्ये फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) बदललं ते एवढंच: पळता पळता बॉल हातात आला, तेव्हा जमिनीवर असलेला पाय मोजायचा नाही. तो शून्य. पुढे दोनच. उभ्याने बॉल घेतला तर शून्य-बिन्य काही नाही. पिव्हट पाय (टेकवून ज्यावर वळायचं तो) उचलायच्या आधी ड्रिबलसाठी, म्हणजे बॉल आपटत न्यायला, तो हातातून सुटलाच पाहिजे. आपली पोरं उभ्या जागेवरून पाय घासत निघतात आणि वर पंचालाच नियम शिकवतात.

लोकोशेड_13: ती पोस्ट माझीच. मे महिना आहे, डोक्यावर ओला रुमाल ठेवा. फायनलला ड्रिबल संपवून बॉल धरला तेव्हा उजवा पाय खाली होता. मग डावा, उजवा, शॉट. शिट्टी! तुमच्याच हिशेबाने सांगा, काय चुकलं?

तापीकाठ: असंच झालं असेल तर पंच चुकला. घ्या, पेढे वाटा. पण म्हणून तीन होत नाहीत.

गिरणाकाठी: सगळे त्या अमेरिकन लीगचे, एनबीएचे चाळे. भाकरी उलटावी तसा बॉल तळव्यावर घेतात, त्या चुकीला कॅरी म्हणतात, पण ती कोणी देत नाही. मूळ खेळात असली सूट नव्हती.

निवृत्त_पीटी: होती. हा खेळ काढणाऱ्या नेस्मिथचे 1892 मध्ये छापलेले 13 नियम वाचा. बॉल घेऊन पळायचं नाही, पण जोरात पळताना झेलला तर सवलत, हे त्यातच आहे. ड्रिबल मात्र त्यात नाही. मग ड्रिबलही बंद करता का?

पांझरा_धुळे: नियम राहू द्या, मन्हं ऐका भो. आमच्या कोर्टवर लग्नाचा मांडव पडतो. सिमेंटात पहारीने भोकं पाडतात. बॉल सरळ आपटला तरी उसळतो वऱ्हाडाकडे. दोन पावलं जास्त पडणारच!

केळीबाग: मग गावातल्या पोरींची लग्नं कुठे लावायची? मंगल कार्यालयाचं भाडं तुम्ही भरता का? खेळणारे दहा, जेवणारे हजार.

पांझरा_धुळे: जेवा की! भोकं बुजवायला तुमच्या बापाचं काय जातं?

केळीबाग: बापावर जायचं काम नाही. माझ्या बहिणीचं लग्न तिथेच झालं, दुसऱ्या दिवशी मी स्वतः सिमेंट कालवून भोकं बुजवली. तेव्हा तुमचा एक खेळाडू आला नाही घमेलं उचलायला.

लोकोशेड_13: तुमच्याकडे भोकं पाडायला कोर्ट तरी आहे. आमच्या रिंगवर गोधड्या वाळतात.

तापीकाठ: अरे, विषय ट्रॅव्हलिंगचा, जास्तीच्या पावलांचा होता ना?

गिरणाकाठी: बुजवलेल्या भोकांवर उंचवटा राहतो, त्याचं काय? माझा घोटा तिथेच मुरगळला.

केळीबाग: रंधा मारून देऊ का?

लोकोशेड_13: तापीकाठ, तुमच्या समाधानासाठी पोस्ट दुरुस्त केली. "तीन" खोडून "शून्य आणि दोन" लिहिलंय. उभ्याने घेतलेल्या बॉलचंही टाकलंय. फायनलचा ले-अप (तोच पळत मारलेला शॉट) मात्र तसाच ठेवलाय, तो मी मरेपर्यंत सांगणार.